चहाच्या अकरा ओळी

१

"अरालीच्या मागोमाग जंगलातनं एक आलंय म्हणे. आणि रोज दुपारी..."

हापशावर बिरुंगी एवढं बोलली आणि तिला मी दिसले. दांडा खालीवर करणारा तिचा हात थांबला नाही, तोंड तेवढं थांबलं. शेजारची बाई घाईघाईनं कॅनचं झाकण शोधायला लागली. झाकण कॅनलाच दोरीनं बांधलेलं होतं.

"रोज दुपारी काय गं?" मी विचारलं.

"रोज दुपारी ऊन पडतं, अब्वोली," बिरुंगी म्हणाली. "आण तुझा कॅन, भरून देते."

माझ्यासमोर बायका गप्प होतात, हे मला नवीन नाही. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून कधी माहेरी गेली, हे मला कळल्याशिवाय राहवत नाही. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत. कोपऱ्यावरच्या घराला आग लागली तेव्हा आत आंधळी म्हातारी झोपली आहे, हे सगळ्या गावात फक्त मला माहीत होतं.

पण त्या दिवशी मी कॅन डोक्यावर घेऊन निघाले, ती जिवाला घोर लागूनच. अराली माझा शेजारी. बावीस वर्षं जंगलखात्यात वाटाड्या आहे. परदेशातून माणसं चिंपांझी बघायला येतात, त्यांना हा आत नेतो. जंगलातलं साधं पिल्लूसुद्धा घरी आणलं तर नोकरी जाते आणि तुरुंगही होतो. अरालीच्या पगारावर तीन जीव आहेत. तो, त्याची बायको अद्येरी आणि चार वर्षांची नात अकीकी. पोरीची आई शहरात कामाला आहे. अकीकी निम्मा दिवस माझ्या अंगणात असते. माझी मुलं मोठी होऊन पांगली, नवरा गेला. आता माझ्या चटईवर दुसरं कोण बसतं?

म्हणून मी ठरवलं की बिरुंगीचं अर्धं वाक्य आपणच पुरं करायचं.

२

दुपारी चारला मी मागच्या अंगणात, स्वयंपाकाच्या खोपीपुढं चटई टाकून रात्रीची केळी सोलायला बसते. हिरवी, भाजीची केळी. पाय डावीकडे मुडपायचे, उजव्या हातात सुरी. साल एका बाजूला, सोललेली केळी केळीच्याच पानावर. पंचवीस वर्षं मी तिथंच बसते आहे. समोर चहा, चहाच्या पलीकडे जंगल. हत्तींना चहा आवडत नाही, म्हणून सरकारनं जंगलाच्या कडेनं चहाची पट्टी लावली. माझ्या अंगणापासून झाडीपर्यंत बरोबर अकरा ओळी आहेत. पोरं लहान होती तेव्हा त्यांना मी त्यांवरच आकडे शिकवले.

त्या चहात कोणीतरी बसतं, हे मला महिनाभर माहीत होतं. आणि मी महिनाभर कोणाला काही बोलले नव्हते. माझ्यासारख्या बाईनं. यातच काहीतरी चुकतंय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पहिल्यांदा ते अकराव्या ओळीमागं दिसलं. पाठमोरं, काळपट, गुडघ्यात वाकलेलं. वाटाड्यांचे रेनकोट ओले झाले की असेच काळे दिसतात. मला वाटलं, अरालीचा नवा शिकाऊ असेल. नवीन भरती झाली की अराली त्यांना गावाच्या कडेला तास तास बसवून ठेवतो. हलायचं नाही, बोलायचं नाही, कोणाच्या डोळ्यात बघायचं नाही. ज्याला हे जमत नाही त्याला तो आत नेत नाही.

माणूस दिसला की आम्ही एम्पाको विचारतो. एम्पाको म्हणजे लाडाचं, मानाचं नाव. आमच्याकडे अशी दहा-बारा नावं आहेत आणि तेवढीच सगळ्या मुलखाला पुरतात. आईबापांनी ठेवलेलं नाव घेऊन हाक मारणं म्हणजे भांडण काढणं. तर मी सवयीनं मोठ्यानं ओरडून विचारलं, "एम्पाको काय तुझा? मी अब्वोली."

उत्तर आलं नाही. शिकाऊंना बोलायची मनाई असते. शहाणं पोर आहे, असं म्हणून मी पुढचं केळं घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात ते आठव्या ओळीत होतं. मग सातव्या. बिरुंगीनं जीभ चावली त्या दिवशी मी घरी आल्यावर मोजलं. पाचवी.

माझा कुत्रा चटईच्या कडेला झोपला होता. साधा पोस्टमन आला तरी हा घर डोक्यावर घेतो.

३

संध्याकाळी अराली अंगणात बूट धूत होता. मी कुंपणावरनं वाकून विचारलं, "यंदा शिकाऊ किती घेतलेत हो?"

"एकही नाही. पैसेच आले नाहीत वरून. का, तुला भरती व्हायचंय?"

"मी झाले असते. तुमच्यापेक्षा बरी बसते मी."

"बसशील गं. गप्प कशी राहणार?"

अद्येरी आतून हसली. मलाही हसू आलं. मग मी चहाकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. अरालीनं बूट खाली ठेवला. चहात कोणी नव्हतं.

"लाकडं तोडायला येणारं कोणी असेल," तो म्हणाला. "उद्या मी बसतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशीही. आम्ही दोघं बसलो, त्यानं माझी अर्धी केळी वाकडीतिकडी सोलून वाया घालवली, आणि चहा नुसता चहा होता. चौथ्या दिवशी त्याला आत जावं लागलं. चारला मी मान वर केली तर ते चौथ्या ओळीत बसलेलं होतं. पाठमोरं. हात पुढं, काहीतरी करत होते.

मी काय केलं, ते खरं सांगते. काहीच नाही. मी मान खाली घातली आणि सोलत राहिले. भीती वाटली नाही. समोर फणसाचं झाड असावं तसं ते होतं. आज इतक्या दिवसांनी लिहिताना माझ्या अंगावर त्याचाच काटा येतो.

तेवढ्यात अकीकी सालांच्या ढिगावरून उडी मारून चहाकडे निघाली.

"कुठं गं?"

"तिकडं बसायला."

"तिकडं कोण आहे माहीत आहे का तुला?"

"नाही."

"मग भीती नाही वाटत?"

ती मागं वळली. मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तसं तिनं मला सांगितलं, "तू कुठं घाबरतेस, अब्वोली?"

मी तिला बखोटीला धरून आणलं आणि तिच्या हातात एक केळं दिलं. ते अजून चौथ्या ओळीतच होतं. पण पोरगी तिथवर गेली असती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळायच्या आत मी कोयता घेऊन चहात शिरले. मला स्वतःचाच राग आला होता. गावातल्या सगळ्यांच्या चुली मला पाठ, आणि माझ्याच परसात कोण बसतं हे मी पंधरा पावलं चालून बघितलं नव्हतं.

चौथ्या ओळीत जमीन दाबलेली होती. बुडाची बैठक, आणि डाव्या बाजूला लांबट खळगा. मुडपलेल्या पायांचा. शेजारी जंगली वेलदोड्याचे दांडे पडले होते. लाल दांडे, जंगलाच्या कडेला उगवतात ते. कोणीतरी ते सोलले होते. एकेक पट्टी बोटभर रुंद, एका रेषेत निघालेली, एका बाजूला रचलेली. आतला पांढरा गाभा अख्खा होता आणि एका रुंद पानावर ओळीनं मांडून ठेवला होता.

मी खाली वाकले. तिथून मला काय दिसतं ते पाहिलं. अरालीचं घर दिसत नव्हतं, मध्ये केळीची बाग होती. दिसत होती ती फक्त माझी खोप आणि खोपीपुढची मोकळी जागा. चटईच्या आकाराची, गवत न उगवलेली.

अरालीला मी तसंच, तोंडही धुवू न देता, बोलावून आणलं. तो उकिडवा बसला. त्यानं एक गाभा उचलला, वास घेतला, परत पानावर होता तसाच ठेवला.

"चिंपांझी?" मी विचारलं.

"चिंपांझी हा दांडा सोलतो तो गाभा खायला," तो म्हणाला. "याला दातसुद्धा लागलेला नाही."

"मग सोललं कशाला?"

अरालीनं वळून माझ्या खोपीकडे बघितलं. मग त्यानंच विचारलं, "तू कधी आत आली नाहीस ना? जंगलात, बघायला?"

"मला कोण नेतंय? मी काय गोरी आहे?"

"उद्या गावकऱ्यांना आत सोडायचा दिवस आहे. चल."

५

जन्म या जंगलाच्या कडेला गेला. रोज पहाटे त्यांचं ओरडणं ऐकत उठले. पण चिंपांझी समोर बसून पाहिला तो त्या दिवशी. अद्येरीचे बूट मला सैल होत होते. आत शिरल्यावर उजेड हिरवा झाला आणि बोलणं आपोआप हळू झालं. पाहुण्यांना दाखवायचा, माणसांना सरावलेला कळप वेगळा. अरालीनं आम्हा चौघा गावकऱ्यांना नव्या कळपाकडे नेलं. त्यांना माणसांची सवय लावायचं काम अजून चालू होतं.

"बसा," तो म्हणाला. "बघू नका. खाल्ल्यासारखं करा."

त्यानं स्वतः एक पान तोडलं, तोंडाशी नेलं, जबडा हलवला आणि पान हळूच मांडीखाली टाकलं. मग मान खाजवली. तासभर हेच चाललं होतं. वरच्या फांद्यांत काळ्या सावल्या होत्या, पण खाली कोणी येईना.

मग एक आली. कान फाटलेली मादी, थोराड. खालच्या फांदीवर पोट टेकून पडली आणि आमच्याकडे टक लावून बघायला लागली. अरालीचा बूट, माझी टोपली, शेजारच्याची काठी, तिला एकही वस्तू सोडवेना. माझ्याकडे बघताना तर तिनं मान वाकडी केली. मी कुंपणावरनं करते तशी.

मला हसू फुटलं. "ही तर मीच आहे की हो."

अराली हसला नाही. "प्रत्येक कळपात एक असते," तो कुजबुजला. "तिला सगळं बघायचं असतं. आम्ही सगळ्यांच्या मागं लागत नाही, फक्त तिच्यासमोर बसतो. ती खाते ते खाल्ल्यासारखं करायचं, ती खाजवते तसं खाजवायचं. रोज एक पाऊल पुढं. तिला भीती वाटेनाशी झाली की पोरं ते बघतात. आया बघतात. ही घाबरत नाही म्हणजे काही नाही, असं त्यांना वाटतं. मग सगळा कळप खाली उतरतो."

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर पाहुणे आणायचे."

मला चौथ्या ओळीतले सोललेले दांडे आठवले. अरालीलाही माहीत होतं की मला कळलंय. त्यासाठीच त्यानं मला तिथवर आणलं होतं. फाटक्या कानाची बघतच होती.

मी विचारलं, "एखादा कळप तुमच्या हाताला लागलाच नाही, असं झालंय कधी?"

"एकदा. ओढ्यापलीकडचा. तिथं एक म्हातारी मादी होती. आम्ही दिसलो की किंचाळायची, पोरं गोळा करायची आणि पळायची. रोज. दोन वर्षं. आम्ही काही करत नव्हतो तरी."

"कंटाळली नाही?"

"ती नाही कंटाळली," अराली म्हणाला. "आम्ही कंटाळलो. सोडून दिला तो कळप."

६

परतताना मी ठरवून टाकलं होतं. भीती वाटत नाही ना, मग वाटल्यासारखं करायचं. त्याला खाल्ल्यासारखं करता येतं, तर मला घाबरल्यासारखं का येऊ नये?

चारला मी नेहमीसारखी बसले. पाय डावीकडे, सुरी उजव्या हातात. अकीकी चटईवर होती, तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. तिनंच बघायला हवं होतं. अद्येरी कुंपणाशी कपडे वाळत घालत होती, तिनंही.

ते दुसऱ्या ओळीत होतं.

यावेळी ते पाठमोरं नव्हतं. पूर्ण तोंडाकडूनही नाही. बाजूनं बसलं होतं, चहाच्या पानांतून खांदा, गुडघा आणि हात दिसत होते. कोणाचे होते ते मी सांगू शकत नाही. रेनकोट नव्हता, एवढं नक्की. हातात सुरी नव्हती, पण हात सुरी धरल्यासारखा चालत होता. वरून खाली, वरून खाली, आणि साल बोटभर रुंद निघत होती. माझ्याच चालीनं. मी थांबले की थांबत होतं.

मग त्यानं डावं कोपर खाजवलं. मला त्या कोपराला गजकर्ण आहे, सोलताना मी ते दहादा खाजवते. म्हटलं, बघा, हेही उचललं यानं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी अजून खाजवलंच नव्हतं. त्यानं आधी खाजवलं. माझा हात त्यानंतर, आपला आपण, कोपराकडे निघाला होता.

अकीकी उठली. तिनं हातातलं अर्धं केळं ओढाताण करत नीट सोललं आणि ते घेऊन चहाच्या दिशेनं पाऊल टाकलं.

मी किंचाळले. चाळीस वर्षांत असा आवाज काढला नव्हता. सुरी फेकली, पोरीला कमरेतून उचललं, पळताना चटईवरच अडखळले, आत शिरले. अद्येरी कपडे टाकून धावत आली, तिलाही आत ओढलं आणि दाराला आतून बाकडं लावलं. कुत्रा भुंकायला लागला. महिन्याभरानं.

अकीकी थरथर कापत होती. "काय होतं, अब्वोली? काय होतं तिथं?"

"वाईट," मी म्हणाले. "फार वाईट. मी घाबरले."

मी घाबरले नव्हते. पोरीच्या केसांवर हात फिरवताना माझा हात अगदी शांत होता. त्या शांतपणाचा मला जो राग आला, तोच मी पुढं रोज वापरला.

दुसऱ्या दिवशीही किंचाळले. तिसऱ्याही. अराली घरी असला की तो माझ्याबरोबर पळायचा. बावीस वर्षं न पळायचं शिकलेला माणूस टणाटण उड्या मारत घरात शिरायचा, अद्येरी तोंडावर हात धरून हसायची, आणि मग तीही पळायची. आठ दिवसांनी ते तिसऱ्या ओळीत गेलं. पावसाळा आला तेव्हा सहाव्या. अकीकी आता चार वाजले की स्वतःच माझा हात धरते आणि घराकडे ओढते. तिची भीती खरी आहे. तेवढं मिळालं म्हणजे पुरे.

परवा ते नवव्या ओळीत होतं. कंटाळलंय की नाही, मला सांगता येणार नाही. मी कंटाळलेले नाही.

७

गाव म्हणतं, अब्वोली बिघडली. आज हापशावर गेले तेव्हा बायकांनी मला वाट करून दिली, तीही जरा जास्तच. बिरुंगी दांड्यावर होती.

मी कॅन तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी तू काहीतरी अर्धं टाकलंस. अरालीच्या मागोमाग जंगलातनं एक आलंय, आणि रोज दुपारी... पुढं काय?"

"जाऊ दे गं. बायका काहीबाही बोलतात."

"तू बोललीस. मी हलणार नाही इथून. रांग लागली तरी लागू दे."

रांग लागली. मागून कोणीतरी म्हणालं, सांगून टाक बाई, ही झोपायला इथंच येईल. बिरुंगीनं दांडा सोडला.

"आम्ही चहा खुडायला जातो ना पलीकडच्या अंगाला. तिथून दिसायचं," ती म्हणाली. "बसलेलं. आणि आम्ही आपसात म्हणायचो की रोज दुपारी अब्वोली त्याला जवळ बोलावते."

"मी बोलावते?"

"म्हणजे, तुझा आवाज यायचा. स्पष्ट. एम्पाको विचारायचीस, आपलाही सांगायचीस. 'मी अब्वोली, मी अब्वोली.' रोज चारला. मला वाटलं, बाई एकटी आहे, असेल कोणी. म्हणून तुझ्यापुढं गप्प बसले."

हापशाच्या तोंडातून उरलेलं पाणी ठिबकत होतं. मी कॅनचं झाकण लावलं. माझा हात हलत होता. कितीतरी दिवसांनी हलत होता, आणि मला बरं वाटलं.

"मी बोलावलं ते खरं आहे," मी म्हणाले. "पण एकदाच. पहिल्या दिवशी. त्यानंतर मी कधीच आवाज दिलेला नाही."

बिरुंगी माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात शाळेची साडेतीनची घंटा झाली. मी कॅन डोक्यावर घेतला आणि निघाले. मला घरी जाऊन घाबरायचं होतं.